वाचलेले इंग्रजी कळते, मग ऐकलेले का कळत नाही?

"आय शुड हॅव्ह टोल्ड हर" हे पाच शब्दांचे वाक्य फळ्यावर लिहिले, तर काही वर्षे इंग्रजी शिकलेला कोणताही विद्यार्थी त्याचा अर्थ लगेच सांगतो: मी तिला सांगायला हवे होते. त्यातील काळ, क्रियापदाचे रूप, कर्म हे सारे त्याला व्यवस्थित उलगडून दाखवता येते. हेच वाक्य इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या तोंडून, नेहमीच्या बोलण्याच्या ओघात कानावर पडले, की ते साधारणपणे "आयशुडव्टोल्डर" असे ऐकू येते आणि तोच विद्यार्थी अडखळतो. कोणी "शुड" एवढेच लिहितो, कोणी शेवटी "ओल्डर" लिहितो, कोणी पेन खाली ठेवतो. मग छापलेले वाक्य समोर आले, की एकच उद्गार निघतो, "हे तर मला येत होते!" आणि ते खरेच असते. डोळ्यांना ते येत होते, कानांना येत नव्हते.

या अडचणीची दोन कारणे हमखास सांगितली जातात: ते लोक फार वेगाने बोलतात, आणि आपला शब्दसंग्रह कमी पडतो. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण वरच्या वाक्यात अनोळखी शब्द एकही नाही, आणि इंग्रजी संभाषणाचा मिनिटाला सुमारे दीडशे ते दोनशे शब्दांचा वेग जगावेगळा म्हणावा असाही नाही. आपणही मराठी काही सावकाश बोलत नाही. मूळ कारण वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते समजून घेण्यासाठी आपण हे शब्द पहिल्यांदा कसे शिकलो, याकडे पाहावे लागते.

भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात "दुसरी भाषा" आणि "परकी भाषा" असा भेद केला जातो. शिकणाऱ्याच्या अवतीभवती रोजच्या व्यवहारात जी भाषा वापरली जाते, ती दुसरी भाषा. वर्गाचे दार ओलांडले की जी जवळजवळ ऐकूच येत नाही, ती परकी भाषा. भाषा परकी असेल, तर शब्द बहुतेक वेळा आधी कागदावर भेटतो. त्याचा उच्चार विद्यार्थी स्पेलिंगवरून मनाशी ठरवतो, आणि तसाच उच्चार करणाऱ्या शिक्षकांकडून व सहाध्यायांकडून त्यावर शिक्कामोर्तब होते. अशा रीतीने डोक्यात हजारो शब्दांचा एक ध्वनिकोश तयार होतो. प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीशी तो जुळत नाही, आणि तो जुळत नाही हे कळण्याची संधी अनेक वर्षे येत नाही.

इंग्रजी स्पेलिंग उच्चाराचा इतका खराब वाटाड्या का आहे, याचे उत्तर इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला आणि त्यानंतर हळूहळू शब्दांची लेखी रूपे स्थिर होत गेली. नेमक्या त्याच काळात, म्हणजे ढोबळमानाने पंधराव्या ते अठराव्या शतकांदरम्यान, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलले. आज "नेम" असा उच्चारला जाणारा शब्द पूर्वी "नाम" च्या जवळ होता, म्हणजे त्याच्या संस्कृत भावंडाच्या आजच्यापेक्षा कितीतरी जवळ. सरदार या अर्थाच्या "नाइट" मधला सुरुवातीचा "क" आणि मधला घशातून येणारा, "ख" सारखा ध्वनी एके काळी स्पष्ट उच्चारला जात असे. उच्चार पुढे निघून गेला आणि स्पेलिंग जागच्या जागी राहिले. शिवाय २६ वर्णांवर, ब्रिटिश प्रमाण उच्चाराचा हिशेब धरला तर, सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. हा घोळ भाषाशिक्षकांना पूर्वीपासून जाचत आला आहे. आज सर्वत्र वापरली जाणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी ज्या संघटनेने तयार केली, ती १८८६ मध्ये पॅरिसला स्थापन झाली आणि तिच्या मुळाशी होते ते भाषा शिकवणारे शिक्षक. मुलांनी परकी भाषा आधी ध्वनिलिपीतून शिकावी, म्हणजे स्पेलिंग त्यांची दिशाभूल करणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

देवनागरी वाचणाऱ्याला वाटेल की आपली लिपी उच्चाराबरहुकूम असल्याने आपल्याला हे सोपे जावे. गंमत अशी, की इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना आपण बहुधा कानाने ऐकलेले लिहीत नाही, डोळ्यांनी पाहिलेले स्पेलिंगच लिप्यंतरित करतो. "प्रॉब्लेम", "डॉक्टर", "हॉटेल" ही सगळी रूपे स्पेलिंगशी इमान राखणारी आहेत. इंग्रजी बोलणारा माणूस म्हणतो ते "प्रॉब्लम" आणि "डॉक्ट". "हॉटेल" मध्ये तर तो सारा जोर "टेल" वर देतो. मराठीत हे शब्द तसेच राहायला काहीच हरकत नाही, ते आता आपलेच आहेत. पण इंग्रजी ऐकताना हीच रूपे मनात धरून बसलेला कान फसतो.

हा जोर, ज्याला आघात म्हणतात, इंग्रजी ऐकण्याची गुरुकिल्ली आहे. शब्दाचे उच्चारात जे तुकडे पडतात त्यांना येथे अक्षरे म्हणू. मराठीत "कमळ" किंवा "पुस्तक" म्हणताना आपण कोणत्याही एका अक्षरावर ठळक जोर देत नाही आणि बाकीच्यांना चिरडतही नाही. इंग्रजीत एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दात एका अक्षराला मुख्य आघात मिळतो. ते थोडे लांबते, उंच सुरात येते, त्याचा स्वर स्वच्छ राहतो. उरलेली अक्षरे आखडतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा स्वर एका ओझरत्या "अ" मध्ये विरघळतो. हा ओझरता "अ" इंग्रजीतील सर्वांत अधिक वेळा येणारा स्वर आहे आणि त्याला स्वतःचा असा वर्णच नाही. पाचही स्वरवर्ण गरजेप्रमाणे त्याची वेषभूषा करतात. "फोटोग्राफ" या एका कुटुंबाकडे पाहिले तरी पुरे. "फोऽटग्राफ" मध्ये आघात पहिल्या अक्षरावर. छायाचित्रणकला या अर्थाच्या शब्दात तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द "फटॉऽग्रफी" होतो. विशेषणात तो तिसऱ्यावर जातो, "फोटग्रॅऽफिक". स्पेलिंगचा पहिला भाग तिन्हींत तोच, ध्वनी मात्र प्रत्येक वेळी वेगळे. आघात पहिल्या अक्षरावर असलेला "रेऽकॉर्ड" हे नाम आणि दुसऱ्यावर असलेला "रिकॉऽर्ड" हे क्रियापद, असेही जोड्यांनी येणारे शब्द पुष्कळ आहेत.

आघात नसलेले अक्षर किती दबते, याची कल्पना सुरुवातीला येत नाही. "सपोर्ट" मधील पहिले अक्षर इतके आखडते, की तो शब्द "स्पोर्ट" पासून वेगळा ओळखणे नवशिक्याला अवघड जाते. "करेक्ट" चा "क्रेक्ट" होतो, "पोलीस" चा जवळजवळ "प्लीस". "कम्फर्टेबल" हा आपल्याकडे चार अक्षरांनी ठासून म्हटला जाणारा शब्द तिकडे बहुधा "कम्फ्टबल" असा तीन अक्षरांत आटोपतो. मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण अक्षर गाळण्याचे काम आपणही दिवसभर करतो. "करतो" असे लिहिताना "र" पूर्ण लिहायचा आणि बोलताना "कर्तो" म्हणायचे, हे आपण इतक्या सहजपणे करतो की ते कोणी दाखवून दिल्याशिवाय लक्षातही येत नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला "तू काय करीत आहेस?" हे वाक्य पुस्तकात शिकवले आणि रस्त्यात कोणी त्याला "काय कर्तोयस?" असे विचारले, तर त्याची जी अवस्था होईल, तीच इंग्रजी ऐकताना आपली होते.

शब्दाच्या आत जे घडते, तेच मोठ्या प्रमाणावर वाक्यात घडते. नामे, मुख्य क्रियापदे, विशेषणे अशा अर्थवाही शब्दांना आघात मिळतो, आणि शब्दयोगी, उभयान्वयी, सहायक क्रियापदे, सर्वनामे हे छोटे शब्द त्यांच्यामधल्या फटींत कोंबले जातात. "डॉग्ज चेस कॅट्स" या वाक्यात तीन आघात आहेत. "द डॉग्ज हॅव्ह बीन चेसिंग द कॅट्स" या वाक्यातही तीनच आहेत. दुसऱ्या वाक्यात शब्द दुपटीहून अधिक आहेत, तरी ते म्हणायला दुप्पट वेळ लागत नाही, कारण वाढलेले शब्द दाबले गेले. केनेथ पाइक या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९४५ मध्ये भाषांच्या लयीचे दोन प्रकार सुचवले: काही भाषांत अक्षरे साधारण समान अंतराने येतात, तर इंग्रजीसारख्या भाषांत आघात समान अंतराने येतात. पुढे उपकरणांनी मोजमाप झाले तेव्हा अंतरे काटेकोर समान नसतात असे दिसले, त्यामुळे ही विभागणी आज जशीच्या तशी कोणी मानत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यातला उपयोगी भाग मात्र शिल्लक राहतो: इंग्रजी ऐकताना सगळी अक्षरे सारख्या वजनाने येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

या छोट्या शब्दांना दोन उच्चार असतात, एक सबळ आणि एक दुर्बळ. आपण वर्गात शिकतो तो सबळ उच्चार, आणि संभाषणात भेटतो तो बहुतेक वेळा दुर्बळ. "अँड" चा नुसता "न्" उरतो, "टू" चा "ट", "ऑफ" चा "अव", "हर" चा "अर". "हॅव्ह" ही दुर्बळ होऊन "अव" इतकाच उरतो, म्हणजे "ऑफ" आणि "हॅव्ह" हे अर्थाने पूर्णतः भिन्न शब्द ओघात सारखेच ऐकू येतात. इंग्रजी मातृभाषा असलेली मुले, आणि अनेकदा मोठी माणसेही, "शुड हॅव्ह" ऐवजी "शुड ऑफ" असे लिहितात. तिकडच्या शिक्षकांना ही चूक वर्षानुवर्षे लाल शाईने दुरुस्त करावी लागते. आपला विद्यार्थी ही चूक सहसा करत नाही. तो व्याकरणात अधिक पक्का आहे हे त्याचे एक कारण, आणि त्याने तो शब्द कधी तसा ऐकलेलाच नाही हे दुसरे.

"कॅन" आणि "कान्ट" ही जोडी तर जवळून पाहण्यासारखी आहे. एक होकार, दुसरा नकार, आणि त्यांतील फरक आपण शेवटच्या "ट" मध्ये शोधतो. अमेरिकन उच्चारात दोन्हींचा स्वर सारखाच असतो आणि तो "ट" घशात अडकून जवळजवळ नाहीसा होतो. तिथला ऐकणारा म्हणूनच "ट" कडे फारसे लक्ष देत नाही. होकारार्थी वाक्यात "आय क'न डूऽ इट" असा "कॅन" दबतो आणि क्रियापद वर येते; नकारात "आय कॅऽन्ट डू इट" असा सहायकच ठळक होतो. आता मराठी भाषक अदबीने, प्रत्येक शब्दाला योग्य मान देत, "आय कॅन डू इट" असे म्हणतो, तेव्हा समोरच्याला ठळक "कॅन" ऐकू येतो आणि तो समजतो, याला हे जमणार नाही. स्पष्ट बोलल्यामुळे गैरसमज व्हावा, असे प्रसंग भाषेत फार नसतात. हा त्यांतला एक आहे.

उच्चारातल्या शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ती फक्त छपाईत असते. ध्वनींची सलग माळ कानावर येते आणि शब्द कुठे संपला हे ऐकणाऱ्याला ठरवावे लागते. यात मातृभाषकही चुकतात, आणि त्या चुका कधी कधी कोशात जाऊन बसतात. "एप्रन" हा शब्द इंग्रजीत मुळात "नेप्रन" असा होता. "अ नेप्रन" चे तुकडे लोकांनी "अन एप्रन" असे पाडले आणि "न" कायमचा मागे गेला. उलट "निकनेम" मधील "न" हा आधीच्या "अन" मधून चोरलेला आहे. असे असूनही मातृभाषक सहसा गोंधळत नाहीत, कारण त्यांच्याजवळ एक बिनतोड अंदाज असतो. इंग्रजी संभाषणातील अर्थवाही शब्द आघातयुक्त अक्षराने सुरू होण्याचे प्रमाण दहापैकी सुमारे नऊ इतके असल्याचे ॲन कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे ठळक अक्षर आले, की येथून नवा शब्द सुरू झाला असे मानून इंग्रजी कान पुढे जातो आणि क्वचितच चुकतो.

मराठी कानाची सवय, माझ्या मते, येथे आडवी येते. "घराला", "घरातून", "घरापुढे" या शब्दांत नात्याची माहिती शब्दाच्या शेवटी आणि स्वच्छ स्वरात मिळते. शेपूट नीट ऐकले की वाक्याचा सांगाडा हाती लागतो. इंग्रजीत हेच काम करणारे "टू", "फ्रॉम", "ॲट" सुटे असतात आणि नेमके तेच दबलेले असतात. आपण ज्या जागी माहिती शोधतो त्या जागी इंग्रजी पुटपुटते. ह्रस्व-दीर्घाचीही तीच तऱ्हा. लेखनात आपण त्याविषयी कमालीचे दक्ष असतो, परंतु मराठी उच्चारात "इ" आणि "ई" यांच्या फरकावर अर्थ क्वचितच अवलंबून असतो, म्हणून "शिप" आणि "शीप" कागदावर वेगळे लिहिणारा कान त्यांना एकच समजतो. एक फायदाही सांगायला हवा. ज्या भाषांत ओझरता "अ" नाही, त्यांच्या भाषकांना तो ध्वनी मुळातून कमवावा लागतो. आपल्या तर वर्णमालेची सुरुवातच त्याच्या सख्ख्या भावाने होते.

वर्गात या कशाची वाच्यता का होत नाही, हा पुढचा प्रश्न. लॅटिनसारख्या अभिजात भाषा शिकवण्याची जी व्याकरण-भाषांतर पद्धत होती, तिचे उद्दिष्ट ग्रंथ वाचणे हे होते, आणि परकी भाषा शिकवणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांवर तिची छाप आजही दिसते. जिथे श्रवणाचा तास असतो, तिथेही बहुधा ध्वनिफीत लावली जाते, प्रश्न विचारले जातात, उत्तरे तपासली जातात आणि तास संपतो. ही श्रवणाची परीक्षा झाली. श्रवण शिकवले गेलेच नाही. दहापैकी चार उत्तरे आली एवढे समजते, पण उरलेली सहा का चुकली हे ना विद्यार्थ्याला कळते ना शिक्षकाला. खरे शिकवणे तिथून सुरू व्हायला हवे.

त्यासाठी जुने, काहीसे बदनाम झालेले श्रुतलेखन फार कामाचे आहे. पंधरा-वीस सेकंदांचे स्वाभाविक बोलण्याचे ध्वनिमुद्रण घ्यावे, ज्याची लेखी संहिता उपलब्ध आहे. ते तीन-चारदा ऐकून, जे ऐकू आले ते लिहावे, आणि न आलेल्या जागी रेघ मारावी. मग संहितेशी ताडून प्रत्येक रेघेपुढे कारण लिहावे. शब्दच माहीत नव्हता का? माहीत होता, पण त्याचा उच्चार वेगळा समजत होतो का? दोन शब्दांची सीमा चुकीच्या ठिकाणी पडली का? की छोटा शब्द दबून गेला? असे दहा-बारा उतारे झाले की स्वतःच्या कानाचा नकाशा दिसू लागतो, आणि बहुतेकांना धक्का बसतो तो पहिल्या प्रकारच्या चुका अपेक्षेपेक्षा कमी निघाल्याचा. शब्द पाठ करून सुटणारी ही अडचण नव्हती, हे तेव्हा पटते. यानंतर तोच उतारा वक्त्याच्या मागोमाग, त्याच्याच लयीत म्हणून पाहावा. दोन तासांचा चित्रपट एकदा पाहण्यापेक्षा या वीस सेकंदांतून कानाला अधिक मिळते. चित्रपटाखाली उमटणाऱ्या अक्षरओळी वापरायला हरकत नाही, फक्त त्या पहिल्या ऐकण्यानंतर सुरू कराव्यात, कारण डोळ्यांना मजकूर मिळाला की कान काम थांबवतात.

सावकाश इंग्रजीचा उपयोग किती, याचेही उत्तर यातच आहे. व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीने १९५९ मध्ये सुमारे दीड हजार शब्दांत बसणाऱ्या, मुद्दाम संथ गतीच्या इंग्रजी बातम्या सुरू केल्या आणि जगभरच्या असंख्य लोकांना त्यांचा आधार वाटला. आरंभी तो जिना उत्तम आहे. मात्र वेग कमी केला की शब्द दबत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि ज्या गोष्टीचा सराव हवा तीच निघून जाते. वर्षानुवर्षे त्याच पायरीवर थांबलेल्याला बातम्या कळतात, दोन मित्रांचे बोलणे कळत नाही. शिक्षकांनीही नवा शब्द देताना एवढे करावे, की तो आधी ऐकवावा, आघाताचे अक्षर दाखवावे आणि मगच फळ्यावर लिहावा. शब्दकोशांच्या उच्चारलेखनात आघाताच्या अक्षराआधी एक छोटी उभी रेघ असते. ती पाहण्याची सवय लावणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

मग आपणही असेच दबके, चिरडलेले इंग्रजी बोलायचे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला आधारही आहे. जगात आज इंग्रजी संभाषणे मोठ्या प्रमाणावर अशा लोकांमध्ये होतात, ज्यांच्यापैकी कोणाचीच ती मातृभाषा नसते. अशा संभाषणांत नेमके कशामुळे अडते याचा अभ्यास जेनिफर जेंकिन्स यांनी केला आणि २००० मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत उच्चारांची एक निवडक यादी दिली. स्वरांची लांबी, शब्दारंभीची व्यंजने आणि वाक्यातील नेमक्या शब्दावर दिलेला जोर या गोष्टी सांभाळाव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे. दुर्बळ उच्चार आणि "थिंक" मधील दातांवर जीभ टेकवून काढायचा ध्वनी यांवाचून समजण्यात फारसे अडत नाही. म्हणजे आपल्या "थ" वर घाम गाळण्याऐवजी "शिप" आणि "शीप" यांकडे पाहावे, आणि शब्दारंभीच्या "प", "ट", "क" वर किंचित हवा सोडावी, कारण तिच्याशिवाय आपला "पिन" त्यांना "बिन" ऐकू येतो. ऐकण्याचे आणि बोलण्याचे उद्दिष्ट असे निरनिराळे ठेवता येते: ऐकताना दबलेले रूप ओळखायचे, बोलताना ते वापरलेच पाहिजे असे नाही.

जिथे चुकीचे ऐकणे परवडणारे नसते, तिथे तर इंग्रजीनेच स्वतःला मुरड घातली आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या आंतरराष्ट्रीय संभाषणनियमांत आकड्यांचे उच्चार ठरवून दिलेले आहेत. नऊला तिथे "नाइनर" म्हणतात, पाचला "फाइफ", म्हणजे खरखरीत नभोवाणीवर "नाइन" आणि "फाइव्ह" यांची गल्लत होऊ नये. तीनला "थ्री" न म्हणता "ट्री" म्हणायचे, असा तिथला नियम आहे.